दूरदेशी जाऊन तिथली रीतभात शिकायची असेल तर

प्रश्न असा आहे: तीन महिने मोकळे आहेत. अगदी वेगळ्या संस्कृतीच्या देशात जाऊन तिथले लोक कसे राहतात, त्यांच्या चालीरीती काय आहेत, हे नीट शिकायचं आहे. संशोधक नाही, पण नुसती प्रेक्षणीय स्थळंही बघायची नाहीत. तयारी कशी करावी, तिथे गेल्यावर नेमकं काय करावं, आणि चुका कुठे होतात?

उत्तराचा पहिला भाग बहुतेकांना आवडत नाही. देश एक, त्यातलं गाव एक, आणि त्या गावातली दोन-तीन घरं. तीन महिन्यांत सहा देश केलेत तर सहा विमानतळ तेवढे चांगले समजतील. एका घरात कोण कोणाच्या आधी जेवतं, भांडण झालं की मध्ये कोण पडतं, पाहुणा कंटाळवाणा झाला की ते कसं सुचवतात, हे कळायला सहा-आठ आठवडे सहज जातात.

नव्वद दिवसांची वाटणी साधारण अशी करा. पहिले दहा दिवस जवळच्या शहरात: कागदपत्रं, सिमकार्ड, भाषेची रोजची शिकवणी, गावातल्या माणसांशी आधी बोलणं. मग सलग पंचेचाळीस दिवस गावात. त्यानंतर आठ-दहा दिवस गाव सोडून बाहेर. आणि पुन्हा त्याच गावात उरलेले दिवस. मधली सुट्टी ही चैन नव्हे. बाहेर बसून टिपणं वाचली की त्यातली भोकं दिसतात, आणि परत गेल्यावर काय विचारायचं ते ठरतं. मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्हस्की न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर १९१५–१६ आणि १९१७–१८ असा दोन वेळा राहिला आणि मधला काळ त्याने ऑस्ट्रेलियात काढला. दुसरा फायदा त्याहून मोठा आहे. एकदा येऊन गेलेला तो पाहुणा, परत आलेला तो ओळखीचा. दुसऱ्या फेरीत लोक जे बोलतात ते पहिल्या फेरीत बोलत नाहीत.

गाव निवडताना दुर्गम वस्तीचा मोह टाळा. वीस घरांच्या वाडीत परका माणूस म्हणजे ओझं असतं, तिथलं अन्न मोजून शिजतं. दोन-तीन हजार वस्तीचं, आठवडी बाजार भरणारं, शाळा आणि प्रार्थनास्थळ असलेलं, दवाखान्यापासून अर्ध्या दिवसाच्या आत असलेलं गाव बरं. बाजारात आणि शाळेच्या फाटकाशी उभं राहायला कोणाला कारण द्यावं लागत नाही, हे त्यामागचं खरं गणित. राहण्याचे पैसे पहिल्याच दिवशी ठरवा, रात्रीच्या हिशेबाने, आणि शक्यतो स्वयंपाकघर जिच्या हातात आहे तिच्यासमोर. नंतर ठरवू म्हटलं की शेवटच्या दिवशी दोन्ही बाजूंना अवघड होतं.

हंगाम बघितल्याशिवाय तिकीट काढू नका. इथियोपियात ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक दर बुधवार-शुक्रवार उपास करतात आणि ईस्टरच्या आधी ५५ दिवस मांस, दूध, अंडी सोडतात. त्या काळात गेलात तर स्वयंपाकाचं एक रूप दिसेल, एरवी गेलात तर दुसरंच. मंगोलियात पशुपालक कुटुंबं हंगामाप्रमाणे तळ हलवतात, शिवाय ११ ते १३ जुलैला नादाम हा उत्सव असतो. कोणाला भेटायला जाल तर ते कुस्त्या आणि घोड्यांच्या शर्यतींना निघून गेलेले असतात. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर तोराजा लोकांचे मोठे अंत्यविधी बहुतेक जुलै-ऑगस्टमध्ये होतात, कारण तेव्हा बाहेरगावी गेलेले नातेवाईक परततात आणि भातशेतीचं काम उरकलेलं असतं. सुगीच्या दिवसांत लोकांना बोलायला वेळ नसतो, पण हाताला काम मिळतं, आणि काम करता करता जे कळतं ते बैठकीत कळत नाही. लग्नंकार्यं बघायची तर सुगीनंतर.

घड्याळही तपासून घ्या. इथियोपियात दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे सकाळचे सात वाजले की तिथे एक वाजतो. ‘दोनला या’ म्हणाले तर ती सकाळच्या आठची वेळ. पूर्व आफ्रिकेतले स्वाहिली बोलणारेही असेच मोजतात. इथियोपियाचं वर्ष तेरा महिन्यांचं: बारा महिने तीस दिवसांचे, तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा. नवं वर्ष ११ सप्टेंबरला लागतं, ठरावीक वर्षी १२ला, आणि वर्षाचा आकडा आपल्यापेक्षा सात-आठने मागे असतो. भेट ठरवताना दर वेळी ‘तुमच्या घड्याळाने की विमानाच्या?’ असं हसत विचारावं. कोणी रागावत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. पासपोर्टची मुदत प्रवास संपल्यावरही सहा महिने उरली पाहिजे. युरोपच्या शेंगेन देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, म्हणजे ‘बरोबर तीन महिने’ हा हिशेब एका दिवसाने चुकू शकतो. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. तिचं प्रमाणपत्र २०१६ पासून आयुष्यभर चालतं. कुत्री सांभाळणाऱ्या मुलखात रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घ्या. आणि एक महत्त्वाची गोष्ट: पर्यटक व्हिसावर गप्पा मारायला कोणी हरकत घेत नाही, पण प्रश्नावली घेऊन घरोघर हिंडलात, मुलाखती रेकॉर्ड केल्यात, तर कित्येक देशांत ते संशोधन धरलं जातं आणि त्याला वेगळा परवाना लागतो. इंडोनेशियात तो लागतोच. हातात छापील फॉर्म नको, साधी वही पुरे.

आता भाषा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेच्या अंदाजाने इंग्रजी बोलणाऱ्याला कामापुरती स्पॅनिश यायला ६०० ते ७५० तासांचे वर्ग लागतात आणि जपानी यायला २,२००. तुमच्याकडे जाण्याआधी रोज अर्धा तास असला तरी तीन महिन्यांत पंचेचाळीस तास होतात. तेव्हा ‘भाषा शिकणे’ हे ध्येय ठेवू नका, ते निराशच करेल. तेवढ्या वेळात अभिवादनाचे सगळे प्रकार, नात्यांचे शब्द, शंभरपर्यंत अंक आणि ही सात वाक्यं तोंडात बसवा: याला काय म्हणतात? आधी काय करतात, नंतर काय? हे कोण करतं? हे कोण करत नाही? मी करून बघू का? माझं काही चुकलं का? पुन्हा सांगाल का, सावकाश? बाकीचं गावात गेल्यावर येईल.

नात्यांच्या शब्दांबाबत मराठी माणसाला एक फायदा असतो आणि तो बहुतेक जण वाया घालवतात. तुर्की भाषेत वडिलांची बहीण ‘हाला’, आईची बहीण ‘तेय्झे’, वडिलांचा भाऊ ‘अम्जा’ आणि आईचा भाऊ ‘दायी’. म्हणजे सरळ आत्या, मावशी, काका, मामा. पण शिकायचं पुस्तक इंग्रजीतलं असेल तर ही चारही नाती ‘अंकल-आंटी’त चेपून येतात आणि कोणाचा कोणावर काय हक्क आहे ते कळायचं राहतं. जपानीत थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ यांना वेगळे शब्द आहेत, बहिणींचंही तसंच. शब्द थेट मराठीत उतरवा, इंग्रजीचा थांबा घेऊ नका. उलट, हवाईच्या जुन्या पद्धतीत आईवडिलांच्या पिढीतल्या सगळ्यांना एकच शब्द आहे. तिथे ‘खरे वडील कोण?’ असं खोदत बसणं म्हणजे आपलं कोष्टक त्यांच्यावर लादणं.

नाती समजून घ्यायची सगळ्यात जुनी आणि अजूनही सगळ्यात उपयोगी युक्ती म्हणजे वंशावळ काढणे. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टॉरेस सामुद्रधुनीच्या १८९८ च्या मोहिमेत ती पद्धतशीर वापरली. पुरुषाला त्रिकोण, स्त्रीला वर्तुळ, लग्नाला बरोबरचं चिन्ह, मुलांना खाली उभी रेघ. यजमानापासून सुरुवात करा आणि प्रत्येकाच्या नावाखाली दोन गोष्टी लिहा: यजमान त्याला काय हाक मारतो, आणि तो माणूस सध्या कुठे राहतो. दीड-दोन तासांत तीन पिढ्या होतात. पुढे महिनाभर जे काही बघाल (लग्नात पुढे कोण बसलं, उसनं कोणाकडून आणलं) ते या कागदावर ठेवून बघितलं की निम्मी कोडी सुटतात. सावधगिरी एवढीच की मेलेल्यांची नावं विचारण्याआधी चालतं का ते बघा. ऑस्ट्रेलियातल्या अनेक आदिवासी समाजांत गेलेल्या माणसाचं नाव उच्चारत नाहीत, त्याचा फोटोही दाखवत नाहीत.

गावात पाऊल टाकण्याची रीत हा पहिला धडा. तो चुकला तर पुढचे सगळे धडे महाग पडतात. फिजीतलं उदाहरण घेऊ. तिथल्या खेड्यात जायचं तर ‘सेवुसेवु’ करावा लागतो, म्हणजे गावप्रमुखापुढे यांगोनाच्या मुळ्यांची जुडी ठेवून गावात येण्याची परवानगी मागणं. यांगोना म्हणजेच कावा. शहराच्या बाजारात कागदात गुंडाळून, रिबीन बांधून या जुड्या मिळतात. साधारण अर्ध्या किलोची घ्यावी, आणि कुटलेली पूड नव्हे, अख्खी मुळं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, टोपी आणि गॉगल उतरवायचा, पाठीवरची पिशवी हातात घ्यायची. आधी ‘तुरांगा नि कोरो’ला, म्हणजे गावच्या कारभाऱ्याला भेटायचं. तोच पुढे घेऊन जातो आणि तुमच्या वतीने बोलतो. जुडी हातात द्यायची नाही, मांडी घालून बसायचं आणि समोर चटईवर ठेवायची. ती उचलली गेली की तुम्ही त्या गावाच्या जबाबदारीत आलात. मग लाकडी परातीसारख्या तानोआत कावा कालवला जातो. नारळाच्या करवंटीचा पेला समोर आला की ओंजळीसारखे पोकळ हात करून एकदा टाळी, ‘बुला’ म्हणायचं, एका दमात प्यायचं, पेला परत देऊन तीन टाळ्या. जीभ थोडी बधिर होते, घाबरायचं कारण नाही. जास्त झेपत नसेल तर ‘लो टाइड’ म्हणा, पेला अर्धाच भरतात. इथे नेहमीची चूक म्हणजे घोट घोट पीत बसणं. पेला एकच असतो आणि पुढचा माणूस तुमची वाट बघत असतो.

मंगोलियन गेर, म्हणजे पशुपालकांचा गोल तंबू, याहून बारकाईने वाचावा लागतो, कारण तिथे घराचा प्रत्येक कोपरा ठरलेला आहे. लांबून येतानाच ‘नोखोइ खोर’ असं ओरडतात. शब्दशः अर्थ ‘कुत्रं धरा’, पण कुत्रं नसलं तरी तेच म्हणतात. दार दक्षिणेला. आत जाताना उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, वरून ओलांडायचा. आत शिरलं की डावीकडून, म्हणजे पश्चिमेच्या बाजूने जायचं. ती पुरुषांची आणि पाहुण्यांची बाजू. पूर्वेकडे भांडीकुंडी आणि बायकांचं राज्य. दारासमोरचा उत्तरेचा भाग ‘खोइमोर’, तो मानाचा. तिथे आपणहून जाऊन बसू नये. मधोमध चूल आणि छत तोलून धरणारे दोन खांब असतात. त्या दोघांमधून जायचं नाही, त्यांना टेकायचं नाही, एकमेकांना वस्तू द्यायची तर तीसुद्धा खांबांमधून नाही. चुलीकडे पाय करू नयेत, आगीत कचरा टाकू नये. बाह्या वर केलेल्या असतील तर वाटी घेण्याआधी खाली करा. वाटी उजव्या हातात, डावा हात उजव्या कोपराखाली. खारट दुधाचा चहा, ‘सूतेइ त्साइ’, तुम्ही मागायच्या आधीच येतो. थोडा तरी प्यायचाच.

तपकिरीची कुपी पुढे आली तर उजव्या हाताने घ्या. तपकीर ओढायची नसेल तर कुपी नाकाशी नेऊन वास घ्या आणि परत द्या. दारू नको असेल तर ‘नको’ म्हणून हात मागे घेणं वाईट दिसतं. पेला घ्यायचा, अनामिकेचं टोक बुडवून थेंब वर उडवायचा, पेला ओठांना लावायचा आणि परत द्यायचा. मान राखला गेला, दारूही टळली. जवळजवळ प्रत्येक समाजात नकार देण्याची अशी एक मान्य रीत असते. ती पहिल्या आठवड्यात विचारून घ्या. जे लोक ‘सगळं खाऊन-पिऊन बघायचं’ अशा जिद्दीने जातात ते दहाव्या दिवशी पोट धरून बसतात.

आता या उत्तराचा गाभा. परक्या मुलखात सगळ्यात कमी उपयोगाचा प्रश्न म्हणजे ‘असं का करता?’

कारण सोपं आहे. रीत पाळणाऱ्या माणसाने तिचा कधी विचार केलेला नसतो. तुम्ही ‘का’ विचारलंत की त्याला दोनच वाटा असतात. एक, ‘पूर्वीपासून आहे’ असं प्रामाणिक उत्तर, जे ऐकून पाहुणा नाराज होतो. दोन, पाहुण्याला बरं वाटावं म्हणून जागच्या जागी रचलेली गोष्ट. वाटाड्यांकडे दुसऱ्या प्रकारचा साठा तयारच असतो. इथियोपियातल्या कॉफीचं बघा. हिरव्या बिया कढईत भाजतात, त्यांचा धूर पाहुण्यांपर्यंत नेतात, कुटतात, ‘जेबेना’ नावाच्या मातीच्या सुरईत उकळतात आणि तीन फेऱ्या देतात: अबोल, तोना, बेरेका. ‘तीनच का?’ म्हणालात तर कोणी शेळ्या राखणाऱ्याची दंतकथा सांगेल, कोणी आशीर्वादाचं. त्याऐवजी असं विचारा: बिया कोण भाजतं? ती घरात नसेल तर? पहिला कप कोणाला? पहिल्या फेरीनंतर कोणी उठून गेलं तर काय समजायचं? कॉफी कोणत्या दिवशी मांडत नाहीत? उत्तरं भराभर येतात, कारण ही रोजची माहिती आहे. आणि नीट बघितलंत तर दिसेल की तिन्ही फेऱ्या त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी ओतून होतात. म्हणून पहिली कडक, तिसरी फिकी, आणि तास-दीड तासाची बैठक आपोआप जमते. शेजारणींच्या खऱ्या गप्पा दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला निघतात. हे ‘का’चं उत्तर तुम्हाला कोणी दिलेलं नाही, ते क्रम विचारून हाती आलं.

क्रम, कर्ता, अपवाद आणि चूक: या चार दारांनी आत शिरता येतं. त्यातही ‘चूक’ फार बोलकी. ‘हे चुकीचं केलं तर लोक काय म्हणतात?’ या प्रश्नावर माणसं खुलतात, शेजाऱ्याच्या सुनेचा किस्सा निघतो, आणि नियम कुठे कडक आहे आणि कुठे नावापुरता आहे ते कळतं.

कोणाला विचारायचं हेही ठरवून करा. गावचा पुढारी, शिक्षक, पुजारी हे पाहुण्यासाठी राखलेलं उत्तर देतात. सगळ्यात चांगला गुरू म्हणजे लग्न होऊन बाहेरगावाहून आलेली व्यक्ती. तिने तेच नियम मोठेपणी, चुका करत शिकलेले असतात, म्हणून ते तिला शब्दांत सांगता येतात. त्यानंतर आठ-दहा वर्षांची मुलं. ती तुम्हाला तोंडावर टोकतात, आणि टोकलं जाणं हीच तुमची शिकवणी. एकच गोष्ट किमान तिघांना विचारा: एक म्हातारं माणूस, एक तरुण, एक बाहेरून आलेलं. तिघांचं जुळलं नाही तर गोंधळू नका. न जुळणं हीच माहिती आहे. एका घरावरून ‘हे लोक असे असतात’ हे वाक्य वहीत लिहायचंच नाही. त्या घरातल्या माणसाचं नाव घालून लिहा.

‘हो’ला काय अर्थ आहे तेही तपासावं लागतं. इराणमध्ये ‘ताआरोफ’ नावाची शिष्टाचाराची पद्धत आहे. दुकानदार किंवा टॅक्सीवाला पैसे घ्यायच्या वेळी ‘गाबेल नदारे’ म्हणतो, म्हणजे ‘तुमच्यापुढे काय किंमत याची’. हे फुकट देणं नव्हे. पैसे पुन्हा पुढे करायचे, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्यांदा घेतले जातात. जेवायला बोलावलं तरी तसंच, आधी आढेवेढे घ्या आणि आग्रह टिकतो का बघा. दिवस आणि वेळ सांगून केलेलं बोलावणं बहुतेक खरं असतं, ‘या कधीतरी’ हे नुसतं बोलणं. बल्गेरियात मान वर झटकणं म्हणजे ‘नाही’, आणि ती होकारासारखी दिसते. अशा ठिकाणी तोंडी शब्द ऐकल्याशिवाय काही गृहीत धरू नका.

दुभाषा घेणार असाल तर त्याच्याशी आधीच तीन गोष्टी ठरवा. ‘तो म्हणतो की’ असं न सांगता बोलणाऱ्याच्याच शब्दांत, प्रथमपुरुषी भाषांतर करायचं. गाळायचं नाही. आणि तुमचा प्रश्न उद्धट वाटला तर तो न विचारता तुम्हालाच आधी सांगायचं. समोरची बाई दोन मिनिटं बोलली आणि दुभाषा ‘हो म्हणतात’ एवढंच म्हणाला, की तिथेच थांबवा. बायकांशी बोलायचं असेल तर दुभाषी बाईच हवी. पुरुष मध्ये बसला की संभाषण पाककृतींवर अडकतं.

टिपणं. दिवसा खिशातल्या छोट्या वहीत फक्त खुणेचे शब्द, माणसांसमोर पानंच्या पानं खरडू नका. रात्री झोपण्याआधी मोठ्या वहीत सविस्तर. तासाभराच्या प्रसंगाला लिहायला एक ते दोन तास लागतात, हे धरूनच दिवस आखा. संध्याकाळी कोणाशी बोलण्याआधी लिहा, कारण एकदा कोणाला सांगितलं की आठवण सांगितलेल्या गोष्टीचा आकार घेते. उजव्या पानावर घडलेलं, डावं पान नंतरच्या विचारांसाठी कोरं. प्रत्येक ओळीच्या कडेला एक अक्षर: ‘प’ पाहिलं, ‘ऐ’ ऐकलं, ‘त’ माझा तर्क. महिन्याभराने वाचताना हे अक्षर नसेल तर तिन्ही एकसारखीच खरी वाटायला लागतात. इब्न बतूता १३२५ मध्ये टँजियरहून निघाला आणि त्याचा वृत्तांत १३५५ मध्ये, आठवणींवरून सांगून, दुसऱ्याच्या हातून लिहिला गेला. त्यातली दमास्कसची बरीचशी वर्णनं आधीच्या प्रवासी इब्न जुबैरच्या ग्रंथातून उचललेली आहेत. तीस वर्षांनी आठवायचं म्हटलं तर दुसरं काय होणार!

महत्त्वाचे शब्द त्यांच्याच भाषेत लिहा, भाषांतर पुढे कंसात. तोराजा लोकांत माणूस गेल्यावर अंत्यविधी होईपर्यंत, मग त्याला कित्येक महिने लागोत, त्याला ‘तो माकुला’ म्हणतात, म्हणजे ‘आजारी माणूस’. त्याच्यापुढे जेवण ठेवतात, त्याच्याशी बोलतात. वहीत तुम्ही ‘मृत आजोबा’ लिहून ठेवलंत तर जे शिकायचं होतं तेच खोडलंत.

पेन्सिल वापरा, पावसात शाई पसरते. आवाज रेकॉर्ड करायचा तर परवानगी घ्या आणि लक्षात ठेवा की तासभराचं रेकॉर्डिंग उतरवायला चार ते सहा तास लागतात. रेकॉर्डर म्हणजे आळशी माणसाचा सापळा. कॅमेरा पहिला आठवडा बाहेर काढूच नका. अमेरिकेतल्या होपी आदिवासींच्या गावांत फोटो आणि रेकॉर्डिंगच नव्हे, तर रेखाटन करायलाही मनाई आहे. ऑस्ट्रेलियात उलुरू या पवित्र मानल्या जाणाऱ्या प्रचंड खडकावर चढणं २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झालं, त्याच्या काही भागांचे फोटो काढू नयेत असं तिथले अनांगु लोक सांगतात. ‘सगळे काढतात’ ही परवानगी नव्हे.

सणाच्या मागे धावणं ही आणखी एक चूक. मुख्य दिवशी गर्दीत काही दिसत नाही. दोन दिवस आधी जा आणि तयारीत हात लावा, आणि दुसऱ्या दिवशी झाडलोट होईपर्यंत थांबा. वर्गणी कोणी दिली, कोणाला बोलावलं नाही, उरलेलं कोणी नेलं, हे तेव्हाच कळतं. पाहुण्यांसाठी मांडलेला खेळ ओळखणं अवघड नाही: घड्याळाच्या काट्यावर सुरू होतो, खुर्च्या एकाच दिशेला असतात, पाऊण तासात आटोपतो. तोही बघावा. आपल्याबद्दल जगाला काय दाखवायचं हे लोकांनी कसं ठरवलंय, ते त्यात दिसतं.

भेटवस्तूंचं थोडं. चीनमध्ये घड्याळ देऊ नका, ‘घड्याळ देणे’ आणि ‘अखेरचा निरोप देणे’ यांचा उच्चार एकच. रशियात फुलं विषम संख्येत, सम संख्या अंत्यविधीला. जपानमध्ये चार नगांचा संच टाळा, चारचा उच्चार मृत्यूसारखा आहे. मुलांना रस्त्यात खाऊ किंवा पैसे वाटू नका. पुढच्या परक्याच्या मागे ती हात पसरून लागतात आणि त्याचं पाप तुमचं. आणि कोणी काही दिलं की लगेच तेवढ्याच किमतीचं परत करायची घाई नको. बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ ‘हिशेब मिटला, संबंध संपला’ असा होतो. ट्रोब्रियांड बेटांवरच्या कुला देवाणघेवाणीत शिंपल्यांच्या माळा एका दिशेने आणि बाहुभूषणं उलट दिशेने बेटांबेटांतून वर्षानुवर्षं फिरत राहतात. देणं थोडं बाकी असणं, हेच तिथलं नातं.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात तुमचं डोकं फिरेल. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९६० मध्ये याला सांस्कृतिक धक्का म्हटलं. लक्षणं ठरलेली: झोप वाढते, खोलीतून बाहेर पडवत नाही, वाक्यं ‘हे लोक ना…’ अशी सुरू होतात. आठवड्यातून एक दिवस शहरात जाऊन आपल्या भाषेत कोणाशी तरी बोला, पोटभर झोपा. आणि वहीच्या मागच्या पानावर चिडचिडीची यादी ठेवा: रांगेत मध्ये घुसले, न विचारता खोलीत आले, पगार विचारला, तीनदा जेवायला बसवलं. ही यादी पुढे सगळ्यात कामाची ठरते. आपण जिथे चिडतो तिथे त्यांचा एक नियम आणि आपला एक नियम आपटलेला असतो, आणि आपला नियम एरवी आपल्याला दिसतच नाही.

याचा सराव घरीच करता येतो. होरेस माइनर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये ‘नासिरेमा’ जमातीच्या विचित्र देहविधींवर निबंध लिहिला. तोंडात केसांचा झुबका फिरवण्याचा रोजचा विधी वगैरे. ‘अमेरिकन’चं इंग्रजी स्पेलिंग उलटं वाचलं की नासिरेमा होतं, आणि तो विधी म्हणजे दात घासणं. निघण्याआधी आपल्याच घरातली एखादी सकाळ परक्याच्या नजरेने दोन पानं लिहून बघा. जमलं नाही तर तिथेही जमणार नाही.

निघताना शेवटचे दोन दिवस फक्त निरोपाला ठेवा, आणि कोणाकडे आधी जायचं तो क्रम यजमानांना विचारून घ्या. पाठवतो म्हटलेले फोटो कागदावर छापून पाठवा, महिन्याच्या आत. निरोपाचीही रीत असते. फिजीत गाव सोडण्याआधी पुन्हा यांगोना ठेवून जाण्याची परवानगी मागतात, तिला ‘इ ताताउ’ म्हणतात. म्हणून शहरातल्या बाजारातून निघतानाच जुड्या दोन घ्याव्यात, आणि दुसरी ओल लागणार नाही अशी कोरड्या कापडात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवावी.